स्वेटर आणि वैल

२ फेब्रुवारी १९७७ची संध्याकाळ. अमेरिकेत कडाक्याची थंडी, त्यात नैसर्गिक वायूचा तुटवडा. दोनच आठवड्यांपूर्वी अध्यक्ष झालेले जिमी कार्टर टीव्हीवर आले ते साधा स्वेटर घालून. त्यांनी लोकांना सांगितलं, घरातलं तापमान दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवा. म्हणजे सुमारे १८ आणि १३ सेल्सिअस. सल्ला चांगलाच होता. पण तो पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तेल स्वस्त झालं की असे सल्ले मागे पडतात. कार्टर यांनी १९७९मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली, पाणी तापवणारी सौर पॅनेल १९८६मध्ये रेगन यांच्या काळात छपराच्या दुरुस्तीसाठी उतरवली, ती परत चढवलीच नाहीत.

आता त्याच काळातला डेन्मार्क बघा. १९७३च्या तेलसंकटावेळी या देशाची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. सुरुवातीला त्यांनीही काटकसरच केली. रविवारी मोटारी बंद ठेवल्या. पण पुढे त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: उष्णता वाया कुठे जाते?

आपल्याकडे जुन्या चुलीला वैल असायचा, आठवतंय ना? भाकरी चुलीवर, आणि त्याच जाळावर बाजूला वैलावर आमटी गरम. वीजकेंद्रात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून अधिक उष्णता समुद्रात नाहीतर हवेत जाते. डेन्मार्कनं तिला वैल जोडला. गरम पाणी नळांतून घराघरांत नेलं. कल्पना नवी नव्हती. फ्रेडरिक्सबर्गला १९०३पासून कचरा जाळून असंच पाणी तापवत होते. १९७९च्या उष्णतापुरवठा कायद्यानं तिला देशभर पाया मिळाला.

यात एक अडचण होतीच. घराला जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. म्हणजे सक्ती आली, आणि एकदा नळ जोडला की दुसरा पुरवठादार नाही. गिऱ्हाईक अडकलेलं असलं की कोण लुटणार नाही? म्हणून नियम असा केला, की उष्णता विकणाऱ्यानं खर्चापुरतेच पैसे घ्यायचे, नफा नाही. माझ्या मते खरी गोम इथं आहे. सक्ती केली, पण तिचा फायदा कुणाच्या खिशात जाऊ दिला नाही. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरं अशा नळांवर ऊब घेतात.