खळाळत्या पाण्यातील शिस्त
खळाळत्या नद्यांतून होडी वल्हविणाऱ्या अमेरिकेतील मंडळांनी १९५४ साली ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ ही संघटना स्थापन केली. १९५९ मध्ये तिने सुरक्षा संहिता स्वीकारली. एकट्याने नदीत उतरू नये. किमान तीन माणसे अथवा दोन होड्या असाव्यात, हा तिचा दंडक आहे. होडी उलटल्यास पाठीवर तरंगत पाय वर, प्रवाहाच्या दिशेने धरावेत, असे नवशिक्यांस शिकविले जाते. उभे राहू पाहिल्यास पाऊल खडकांत अडकून बुडण्याचा धोका असतो. वेस्ट व्हर्जिनियातील गॉली नदीवरील जलविद्युत प्रकल्प टळल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १९८३ मध्ये ‘गॉली फेस्ट’ हा मेळावा सुरू झाला. सप्टेंबरमध्ये धरणातून ठरावीक दिवशी पाणी सोडतात, त्या सुमारास तो भरतो.