आरोग्याचा धडा आणि वर्ध्याची योजना

प्राथमिक शाळेंत मुलांस आरोग्याच्या संवयी लावाव्या कीं नाहीं, याविषयीं आमच्याकडे कधीं मतभेद नव्हता. त्या कशा लावाव्या, हा प्रश्न मात्र १९३७ सालीं वर्ध्यास खऱ्या अर्थानें पुढें आला. २२ व २३ ऑक्टोबर रोजीं तेथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें डिसेंबरांत आपला अहवाल सादर केला. सात वर्षें, मातृभाषेंतून, एका हस्तव्यवसायाच्या आधारें शिक्षण, ही योजना वाचकांस ठाऊक आहेच.

त्यांतील वेळापत्रक पाहण्यासारखें आहे. साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें हस्तव्यवसायास, शारीरिक शिक्षणास अवघीं दहा. आणि आरोग्यशास्त्र सामान्य विज्ञानांत घातलेलें, तें विज्ञानहि समाजशास्त्रासह अर्ध्या तासांत उरकावयाचें! आरोग्याची ही उपेक्षाच, असें आम्हीहि प्रथम समजलों. पण सेवाग्रामच्या शाळेंत काय चाले हें वाचल्यावर उलगडा झाला. तेथें झाडलोट, संडासाची सफाई, भाजीपाला पिकविणें, स्वयंपाक हीं सारीं मुलांचींच कामें असत. मैल्याचें खत कसें होतें, तो उघडा राहिल्यास रोग कसा पसरतो, हें त्या कामांतच कळे. धडा निराळा उरलाच नाहीं.

आमच्या लहानपणीं याच्या नेमकें उलट होतें. 'जेवणापूर्वीं हात धुवावे' हें वाक्य सर्व वर्गास तोंडपाठ. हात धुवावयास शाळेंत पाणी मात्र नसे. त्या विषयांत आम्हांस गुण उत्तम मिळाले होते, हें सांगण्यास आज थोडा संकोच वाटतो.

वर्धा योजनेवर आक्षेप पुष्कळ आले. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च भागवावा या कल्पनेस प्रा. के. टी. शहा यांनीं केलेला विरोध आम्हांस योग्यच वाटतो. परंतु सुशिक्षित घरांतील नाराजीचें मूळ निराळें होतें. ज्या समाजांत झाडू कोणीं धरावयाचा हें जन्मानेंच ठरलेलें, तेथें तो सर्वांच्याच मुलांच्या हातीं देणें हें केवळ आरोग्यशिक्षण नव्हतें. आईबापांस तें बरोबर समजलें होतें.

दुसऱ्यांस कशाला नांवें ठेवावीं? आमच्या मुलास शाळेंत वर्ग झाडावयास लाविलें, तेव्हां तक्रार घेऊन आम्हीच गेलों होतों. मुख्याध्यापिकाबाईंनीं सारें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "मग कोणाच्या मुलाला सांगूं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुलगा मात्र त्या आठवड्यांत, आपली पाळी चुकूं नये म्हणून, रोज अर्धा तास आधींच घरून निघत असे.