तडा गेलेल्या सिलिकॉनची कुळकथा

छपरावरचा सौरपट्टा घ्या की चार्जरमधला डायोड, दोघांचं कूळ एकच: पी-एन जंक्शन. ते कुणी ठरवून घडवलं नाही. ते आधी सापडलं.

अर्धवाहकांचं वागणं त्याआधीही दिसलं होतं. तापवल्यावर सिल्व्हर सल्फाइडमधून वीज अधिक सहज वाहते, हे फॅरडेनं 1833 मध्ये नोंदवलं. धातूंचं नेमकं उलटं असतं. गॅलेनाच्या खड्यावर बेतलेल्या, रेडिओलहरी टिपणाऱ्या शोधकाचं अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना 1904 मध्ये मिळालं. खडे कामाला लागले, पण बेभरवशाचे. एक चालायचा, दुसरा रुसायचा.

न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथं बेल प्रयोगशाळेच्या रसेल ओल यांना हा लहरीपणा खटकत होता. दोष सिलिकॉनचा नाही, त्यातल्या भेसळीचा आहे, असं त्यांचं मत. म्हणून धातुतज्ज्ञांकडून ते शक्य तितकं शुद्ध सिलिकॉन वितळवून घेत. 23 फेब्रुवारी 1940 रोजी ते अशीच एक कांडी तपासत होते. तिला मधोमध तडा गेला होता. दिव्याचा उजेड पडताच तिच्या टोकांमध्ये सुमारे अर्धा व्होल्ट दाब दिसू लागला. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे हे पाहिलं, तेव्हा त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

उलगडा भेसळीतच होता. सिलिकॉन थंड होताना त्यातल्या अशुद्धी सारख्या पसरल्या नव्हत्या. एका भागात बोरॉनचा वरचष्मा, दुसऱ्यात फॉस्फरसचा. सिलिकॉनच्या अणूपाशी बंधांसाठी चार इलेक्ट्रॉन असतात. फॉस्फरस पाच घेऊन येतो, पाचवा मोकळा फिरतो. बोरॉन तीनच आणतो, एक जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन तिथं सरकला की रिकामी जागाच पुढे गेल्यासारखी होते. तिलाच होल म्हणतात. लाखो अणूंत एखादाच असा पाहुणा असला, तरी वीजवहन पार बदलतं.

बोरॉनचा पी भाग आणि फॉस्फरसचा एन भाग जिथं भिडतात तिथलं काम मला सगळ्यात सुंदर वाटतं. सीमेजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होल भरतात. मागं फॉस्फरसचे धनभारित अणू उरतात, पलीकडे बोरॉनचे ऋणभारित. त्यांतून उभं राहिलेलं विद्युतक्षेत्र पुढची ये-जा रोखतं. उजेडानं सीमेवरच्या या पट्ट्यात इलेक्ट्रॉन आणि होल यांची जोडी सुटली, की तेच क्षेत्र दोघांना विरुद्ध दिशांना ढकलतं. ओल यांचा अर्धा व्होल्ट इथून आला. बाहेरून बॅटरी जोडली, तर एका दिशेनं हा अडसर उतरतो आणि दुसऱ्या दिशेनं वाढतो. डायोड एवढ्यावरच चालतो.

मग जे नशिबानं मिळालं होतं ते माणसं मोजूनमापून घडवू लागली. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेतच चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनमध्ये मुद्दाम बोरॉन मुरवून सुमारे 6 टक्के कार्यक्षमतेची सौरघटमाला दाखवली.

ट्रान्झिस्टरच्या जनकांना नोबेल मिळालं, ओल यांना नाही. बारावीच्या वर्गात फळ्यावर पी-एन जंक्शनची आकृती काढणाऱ्या शिक्षकांनी त्यांचं नाव आवर्जून सांगावं.