दोन यमुना

गेल्या महिन्यात वाचनाची नुसती मिसळ झाली. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९), मधेच बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो!'. 'मुक्तामाले'त योगायोगांची मजा आहे, बस्स. 'रणांगण'वर कधीतरी वेगळं लिहीन.

डोक्यात राहिल्या त्या दोन यमुना. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर फिरताना विधवांचे हाल बघते, पुढे स्वतःच विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पुस्तक प्रचारकी आहेच. पण विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, हे त्याच्या पुढच्याच वर्षी आलं. वाटतं, सुटलाच की प्रश्न!

मग १८९०पासून 'करमणूक'मध्ये हरिभाऊंची यमू बोलायला लागते. तीही विधवा होते आणि तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. पदमनजी हाल दाखवतात. इथे यमू स्वतःच सांगते, तेही माजघरातल्या बोलीत. त्यामुळे 'तिकडे कुणाचं तरी' म्हणून सुटता येत नाही. (जुन्या ग्रुप फोटोत कडेला डोक्यावर पदर घट्ट ओढलेली एखादी आत्या असते ना, मला सारखी तीच दिसत होती.) पदमनजींना धर्मांतराची वाट तरी दिसली. हरिभाऊ यमूसाठी कुठलीच वाट काढत नाहीत, आणि मला तेच जास्त खरं वाटलं.

१८९३ साली कर्व्यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याला तेव्हा ३७ वर्षं झाली होती.