स्कोप रिंग

स्कोप रिंग म्हणजे रायफलीवर दुर्बीण (स्कोप) घट्ट बसवण्यासाठी वापरले जाणारे धातूचे कडे होय. रिंगा सामान्यतः जोडीने वापरल्या जातात. रिंगेचा खालचा भाग रायफलीच्या रिसीव्हरवरील बैठकीला किंवा रेलला पकडतो, तर वरचा भाग दुर्बिणीच्या नळीला वेढतो. बॅरलचा अक्ष आणि दुर्बिणीचा अक्ष यांच्यातील कोन प्रत्येक गोळीनंतर तोच राखणे, हे रिंगेचे मुख्य कार्य आहे. दुर्बीण कितीही उत्तम असली, तरी रिंग ढिली किंवा चुकीच्या मापाची असल्यास नेम स्थिर राहत नाही.

कार्य आणि महत्त्व

दोन रिंगांमधील अंतर १०० मिमी असेल आणि त्यांपैकी एक रिंग केवळ ०.१ मिमी सरकली, तर दुर्बिणीचा अक्ष १ मिलिरेडियनने कलतो. परिणामी १०० मीटरवर गोळी सुमारे १० सेंमी आणि २०० मीटरवर सुमारे २० सेंमी दूर लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारणतः २० ते २५ सेंमी व्यासाचा मानला जातो. म्हणजेच मध्यभागी नेम धरूनही १०० मीटरवर गोळी या भागाच्या कडेला, तर २०० मीटरवर त्याच्या बाहेर लागू शकते. असा जखमी प्राणी दूर पळून जाऊन यातना भोगत मरतो. त्यामुळे दुर्बिणीची पक्की जोडणी हा शिकारीच्या नीतीचाही भाग मानला जातो.

गोळी झाडताना रायफल मागे येते, परंतु जडत्वामुळे दुर्बीण जागीच राहू पाहते. रायफलीने १.५ मिलिसेकंदात ३ मीटर प्रति सेकंद वेग घेतला, असे मानल्यास ५०० ग्रॅमच्या दुर्बिणीला आपल्याबरोबर मागे नेण्यासाठी सुमारे १,००० न्यूटन बल लागते. हे बल रिंगांची पकड, बैठकीची खाच आणि लहान स्क्रू यांच्यामार्फतच दुर्बिणीपर्यंत पोहोचते.

इतिहास

अमेरिकेतील सिराक्यूस येथे विल्यम माल्कम यांनी १८५५ मध्ये रायफलींसाठी दुर्बिणी तयार करण्यास आरंभ केला. त्या काळातील लांब नळीच्या दुर्बिणींमध्ये नेम जुळवण्याची यंत्रणा दुर्बिणीत नसून तिच्या आधारात असे. म्हणजे नेम बदलण्यासाठी संपूर्ण नळीच हलवावी लागे. पुढे ही यंत्रणा दुर्बिणीच्या आत गेली आणि आधाराचे काम उलट झाले. आता त्याने मुळीच न हलणे अपेक्षित होते. विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये बाजारात आणलेल्या स्वस्त दुर्बिणीमुळे अमेरिकेत सामान्य शिकाऱ्यांमध्ये दुर्बिणीचा प्रसार झाला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी वीव्हर बैठक आजही प्रचलित आहे. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने पिकॅटिनी रेलचे मानक स्वीकारले. युरोपात, विशेषतः जर्मनी व ऑस्ट्रियात, दुर्बीण झटकन काढता-बसवता येणाऱ्या आकडीच्या जोडणीची स्वतंत्र परंपरा विकसित झाली.

निवड

नळीचा व्यास: रिंगेचा आतील व्यास दुर्बिणीच्या नळीइतकाच असावा लागतो. २५.४ मिमी (१ इंच), ३० मिमी आणि ३४ मिमी ही प्रचलित मापे होत. काही जुन्या युरोपीय दुर्बिणींची नळी २६ मिमीची असते. ती १ इंचाच्या रिंगेत बळेच आवळल्यास नळी चेपते. हा व्यास वस्तुभिंगाच्या व्यासाहून वेगळा असतो. नवखे ग्राहक अनेकदा या दोहोंची गल्लत करतात.

बैठकीचा प्रकार: पिकॅटिनी रेलच्या खाचा ५.२३ मिमी रुंद असून त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर १०.०१ मिमी असते. वीव्हर बैठकीच्या खाचा ४.५७ मिमी रुंद असतात आणि त्यांच्यातील अंतर निश्चित नसते. त्यामुळे वीव्हर रिंगा बहुधा पिकॅटिनी रेलवर बसतात. पिकॅटिनी रिंगा मात्र वीव्हर बैठकीवर बसतीलच असे नाही. रुगर एम७७ सारख्या काही रायफलींमध्ये बैठक रिसीव्हरमध्येच कोरलेली असल्याने तिच्यासाठी खास रिंगा लागतात. रेमिंग्टन ७०० या रायफलीच्या रिसीव्हरचा मागील भाग पुढील भागापेक्षा खाली असतो. म्हणून तिच्या दोन सुट्या बैठकांची उंची वेगवेगळी असते आणि त्यांची अदलाबदल झाल्यास दुर्बीण तिरकी बसते.

उंची: दुर्बीण शक्य तितकी खाली असावी, परंतु तिचा पुढील भाग बॅरलला टेकू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. दुर्बीण खाली असल्यास गाल दस्त्यावर नीट टेकतो आणि डोळा आपोआप रेषेत येतो. समजा, दुर्बिणीच्या पुढील भागाचा बाह्य व्यास ४८ मिमी आहे. त्याची त्रिज्या २४ मिमी. त्यात ३ मिमी मोकळी जागा धरल्यास दुर्बिणीचा मध्य बॅरलच्या पृष्ठभागापासून २७ मिमी उंच हवा. बैठकीचा माथा त्याच पृष्ठभागापासून ८ मिमी उंच असल्यास रिंगेच्या मध्याची उंची १९ मिमी येते. काही उत्पादक ही उंची रिंगेच्या मध्यापर्यंत, तर काही नळीच्या तळापर्यंत मोजतात. त्यामुळे १ इंचाची तीच रिंग एका सूचीत १९ मिमी, तर दुसऱ्या सूचीत ६.३ मिमी अशी नोंदलेली आढळते. ‘कमी’, ‘मध्यम’ आणि ‘उंच’ या संज्ञांनाही सर्वमान्य मापे नाहीत.

बोल्टची मूठ आणि सुरक्षा-खटका यांना दुर्बिणीचा अडथळा होत नाही, हेही पाहावे लागते. माउझर ९८ या जुन्या लष्करी रायफलीवर दुर्बीण बसवताना बोल्टची मूठ वाकवावी लागते व सुरक्षा-खटका बदलावा लागतो, तो याच कारणाने.

साहित्य: पोलादी रिंगा जड परंतु मजबूत असतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिंगा हलक्या असून सामान्य प्रत्याघाताच्या रायफलींना त्या पुरेशा ठरतात.

बसवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवतात. त्यानंतरचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. बैठक, स्क्रू आणि आटे यांवरील तेल पुसून बैठकीचे स्क्रू घट्ट करतात. दुर्बीण बसल्यावर हे स्क्रू बहुधा झाकले जातात, म्हणून ते आधीच तपासणे आवश्यक असते. पुढील स्क्रू जास्त लांब असल्यास तो बॅरलच्या आट्यांना टेकतो; वरून घट्ट वाटला तरी बैठक ढिलीच राहते.

२. रिंगेचा खालचा भाग रेलच्या खाचेत बसवून तो बॅरलच्या तोंडाच्या दिशेने दाबून आवळतात. प्रत्याघातात दुर्बीण पुढे सरकू पाहते. रिंग खाचेच्या पुढील भिंतीला आधीच टेकलेली असल्यास तिला सरकण्यास वाव उरत नाही.

३. दुर्बीण रिंगांमध्ये सैल ठेवून डोळ्यापासूनचे अंतर ठरवतात. हे अंतर साधारणतः ८० ते १०० मिमी असते. बदलत्या वर्धनाच्या दुर्बिणीत ते सर्वाधिक वर्धनावर तपासतात. अंतर कमी पडल्यास प्रत्याघातात नेत्रिकेची कड भुवईवर आदळून जखम होते.

४. पाणसळ लावून रायफल समतल करतात आणि काही अंतरावर टांगलेल्या ओळंब्याशी दुर्बिणीतील उभी रेषा जुळवतात. गोळीला ३०० मीटर जाण्यास ०.४ सेकंद लागत असतील, तर ती सुमारे ७८ सेंमी खाली येते. अशा वेळी रायफल ५ अंशांनी कललेली असल्यास गोळी बाजूला सुमारे ७ सेंमी सरकते.

५. रिंगेच्या वरच्या भागाचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळतात, जेणेकरून दोन्ही बाजूंची फट समान राहील. यासाठी टॉर्क पाना वापरतात. अनेक उत्पादक या स्क्रूंसाठी १.७ ते २.० न्यूटन-मीटर टॉर्क सुचवतात; मात्र त्या-त्या रिंगेसोबतची सूचनाच अंतिम मानावी.

६. बोल्ट काढलेल्या रायफलीच्या बॅरलमधून लक्ष्य पाहून दुर्बीण ढोबळमानाने जुळवतात. त्यानंतर आधी २५ आणि मग १०० मीटरवर गोळ्या झाडून नेम पक्का करतात.

सामान्य दोष

स्क्रू अतिरिक्त आवळल्यास नळीवर खळगा पडतो आणि आतील भिंगांची यंत्रणा अडकू शकते. दोन्ही रिंगा एका रेषेत नसल्यास नळीवर ताण येतो. यावर उपाय म्हणून पोलादी दांडा व घर्षक लेप वापरून रिंगांचा आतील पृष्ठभाग हलकेच घासतात किंवा फिरते प्लॅस्टिक अस्तर असलेल्या रिंगा वापरतात. अस्तराच्या रिंगा घासत नाहीत. गोळ्यांचे ठसे अकारण विखुरू लागल्यास दुर्बिणीला दोष देण्यापूर्वी बैठकीचे व रिंगांचे स्क्रू तपासले जातात. स्क्रूच्या माथ्यावरून रिंगेपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवल्यास तो फिरला की लगेच लक्षात येते.

भारतातील संदर्भ

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. मानवी जीवितास धोका किंवा पिकांचे नुकसान यांसारख्या कारणांसाठी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने मर्यादित अपवाद करता येतो. रायफल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक असतो. ऑलिंपिकमधील रायफल नेमबाजीत दुर्बिणीला परवानगी नसून छिद्राचे नेमयंत्र वापरले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात मिळवलेले कांस्यपदक अशाच, दुर्बीण नसलेल्या रायफलीने मिळवलेले आहे.