पिवळ्या दिव्याचा इतिहास

गाडीची किल्ली फिरवली की चालकासमोरच्या डॅशबोर्डवर आठ-दहा दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाले की विझतात. त्यांत एक पिवळा दिवा असतो. त्यावर इंजिनाचे छोटे चित्र असते. न सांगता ते इंजिन आहे हे कळणे मात्र कठीण, एखाद्याला ती नळाची तोटीही वाटेल. गॅरेजवाले त्याला ‘चेक लाईट’ म्हणतात. इंजिन सुरू झाल्यावरही हा दिवा तसाच राहिला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. लाल दिव्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ऑईल कमी झाले, इंजिन तापले, थांबा. पिवळ्याचा कळत नाही, कारण गाडी तर चालत असते. मग हा दिवा नेमके काय सांगतो, आणि कोणाच्या वतीने सांगतो? याचे उत्तर यंत्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते, असे मला वाटते.

माझ्या तरुणपणी नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर खासगी मोटारी मोजक्याच होत्या. डॉक्टरांची फियाट, एखाद्या अडत्याची अँबॅसडर आणि सरकारी जीप. या गाड्यांत संगणक नव्हता. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट सांभाळीत. गाडी बिघडली की मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावी, मूठ कानाशी धरी आणि ‘मिसिंग मारतंय’ असा निकाल देई. धूर निळा असेल तर ऑईल जळते आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरा राहत असेल तर पाणी आत शिरले आहे, असा त्याचा आडाखा असे. वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखीच ही विद्या होती आणि ती खोटी नव्हती. पण तिला एक मर्यादा होती. धुरातले जे डोळ्यांना दिसत नाही आणि कानाला ऐकू येत नाही, ते तिच्या कक्षेबाहेर होते. पिवळ्या दिव्याचा जन्म नेमका तिथून झाला.

जुलै १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट, डोळे झोंबवणारे धुके उतरले. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. शत्रू घरचाच आहे हे कळायला जवळजवळ दहा वर्षे गेली. हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काळात दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे धुके तयार होते. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद याच शास्त्रज्ञाकडे गेले. १९७० साली अमेरिकेने कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. विषारी वायू या डब्यातून जाताना बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात.

पण हा डबा नाजूक. शिसे असलेले पेट्रोल त्याला चालत नाही, आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण अगदी नेमके नसेल तर तो पुरते काम करीत नाही. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बसला. सेन्सरचे म्हणणे ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करायला संगणक आला. आणि संगणक आल्यावर साहजिक प्रश्न उभा राहिला, की हा सेन्सर किंवा हा डबा निकामी झाला तर कळणार कसे? गाडी तर धावतच राहील. धुराचा त्रास मालकाला नाही, मागून येणाऱ्या सायकलवाल्याला होणार. तेव्हा कायद्याने गाडीलाच स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावले. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून आणि अधिक कडक स्वरूपात १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत ही स्वयंतपासणी आणि तिचा दिवा सक्तीचा झाला. म्हणजे हा दिवा मुळात मालकाच्या सोयीसाठी लावलेला नाही. तो हवेच्या वतीने लावलेला आहे. एवढे ध्यानात घेतले की त्याचे वागणे समजू लागते.

आपल्याकडे ही वाट न्यायालयातून आली. एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेसाठी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २००० साली शिसे असलेले पेट्रोल देशभर बंद झाले. त्याच सुमारास मारुतीसारख्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले आणि काही गाड्यांत पिवळा दिवाही दिसू लागला. पुढचा रस्ता आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर होते. या गोव्यात जन्मलेल्या मराठी शास्त्रज्ञाच्या समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. मोठ्या शहरांना आधी आणि उरलेल्या देशाला नंतर, अशी टप्प्याटप्प्याची योजना त्यातून आली.

या टप्प्यांत आपण कुठे होतो? १ एप्रिल २०१० रोजी ‘भारत स्टेज चार’ हे मानक तेरा शहरांत लागू झाले आणि त्या गाड्यांना स्वयंतपासणीचा पहिला टप्पा सक्तीचा झाला. त्या यादीत मुंबई, पुणे, हैदराबाद होती आणि सोलापूरही होते, कारण सोलापूरच्या हवेतील धूलिकणांची चिंता आधीपासून होती. लातूर त्यात नव्हते, नांदेडही नव्हते. दोन-अडीच तासांवरच्या सोलापुरात नव्या गाडीने स्वतःची तपासणी करावी असा कायदा, आणि आमच्याकडे एक पायरी खालचे ‘स्टेज तीन’. इंधनातही तोच भेद होता. वरच्या मानकाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५० भाग, खालच्यात ३५० भाग. पुण्यात घेतलेली गाडी खालच्या दर्जाच्या डिझेलवर चालली, तर ते जादा गंधक तिच्या कन्व्हर्टरला बाधणार, हे उघड आहे. आमच्या छातीला हवा तीच लागते. पण नियम पोचायला वेळ लागतो. मराठवाड्याला हे नवे नाही.

१ एप्रिल २०१७ पासून स्टेज चार देशभर सरसकट झाले. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मानकाच्या गाड्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला, आणि उरलेल्या दोन दिवसांत देशभरच्या शोरूममध्ये सवलतीच्या दुचाकींसाठी झुंबड उडाली. लोकांनी स्वस्तात गाडी मिळाली म्हणून आनंद मानला. ती स्वस्त का झाली हे थोड्यांनीच विचारले. पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून ‘स्टेज सहा’ आले, गंधक १० भागांवर आले आणि दुचाकींनाही स्वयंतपासणी लागू झाली. आज शिकवणीला निघालेल्या पोरीच्या स्कूटरवरही हा पिवळा दिवा आहे.

आता त्याचे वाचन. दिवा स्थिर असेल तर घाबरून रस्त्यात थांबण्याचे कारण नाही. पण चार-आठ दिवसांत गाडी दाखवावी. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. अशा वेळी बहुधा एखादा सिलिंडर नीट पेटत नसतो. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा डबा तापून खराब होतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर लावला की संगणकाने नोंदवलेला कोड दिसतो. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरकडचा भाग. पुढचे चार आकडे दोष सांगतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे. दोष घडला त्या क्षणी इंजिनाचा वेग आणि तापमान काय होते, हेही बहुधा नोंदलेले असते.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोड लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया आहे की टायफॉईड हे सांगत नाही, तसेच. ‘हवा जास्त’ या एका कोडमागे फाटलेला होज असेल, धुळीने माखलेला हवेचा सेन्सर असेल, दमलेला पेट्रोल पंप असेल, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर असेल. कोडमध्ये ज्या भागाचे नाव आले तो भाग लगेच बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे. आमच्या भागातली उन्हाळ्यातली धूळ पाहता आधी एअर फिल्टर, होज आणि वायरिंग पाहावे, हे शहाणपणाचे.

माझा एक विद्यार्थी नांदेडला गॅरेज चालवतो. तो म्हणाला, “सर, दिवा घालवायला दोन मिनिटं लागतात. का लागला ते शोधायला कधी कधी अख्खा दिवस जातो. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते दिवा घालवायचे.” गाडी विकण्याआधी कोड पुसून आणणारे लोकही त्याने पाहिले आहेत. दोष कायम असेल तर दोन-चार फेऱ्यांत दिवा पुन्हा लागतोच. तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात असते. काहीजण तर दिव्यावर काळी पट्टी चिकटवतात.

ही फसवणूक फक्त लहान माणसे करतात असे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले, की फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या संगणकालाच खोटे बोलायला शिकवले होते. चाचणी चालू आहे हे ओळखून तो धूर स्वच्छ दाखवी, आणि रस्त्यावर सोडून देई. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ने तपासणी केली आणि त्या वर्षअखेर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. जो संगणक हवेचा साक्षीदार म्हणून बसवला, तोच फितूर झाला. यंत्र प्रामाणिक असते, हा आपला समज तिथे संपला.

असो. किल्लारीच्या परिसरात १९९२ मध्ये भूकंपाचे लहान लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते, विचारत होते. पण ते धक्के कशाची खूण आहेत, हे त्या वेळी खात्रीने वाचता येईल असे शास्त्र कोणापाशी नव्हते. आजही भूकंपाचा दिवस कोणी सांगू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. ती खूण आपल्याला वाचता आली नाही, आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही.

पिवळ्या दिव्याचे तसे नाही. त्याची लिपी ठरलेली आहे, ती वाचायचे यंत्र गल्लीतल्या गॅरेजात आहे, आणि जे बिघडले आहे ते दुरुस्त करता येते. हवा कोणाच्या नावावर नाही, म्हणून तिची तक्रार मालकाच्या डोळ्यांसमोर लावावी लागली, एवढाच या दिव्याचा इतिहास. ज्यांच्या गाडीत तो आज पेटलेला आहे त्यांनी गॅरेजवाल्याला “दिवा घालवा” असे न म्हणता “का लागला ते पाहा” असे म्हणावे, आणि त्या शोधाचे पैसेही आनंदाने द्यावेत. धुराच्या नळीच्या उंचीवर, रस्त्याच्या कडेने, शाळेत जाणाऱ्या पोरांचे चेहरे असतात.