प्रत, पाठ आणि पालिका बाजार : दिल्लीतील जुन्या व हातातल्या व्हिडिओ गेमच्या स्वीकृतीचा इतिहास

१

तौलनिक साहित्याभ्यासाने 'स्वीकृती' ही संकल्पना आता पुरती आत्मसात केली आहे. एखादी कृती आपल्या जन्मभाषेत काय होती, एवढे सांगून आपले समाधान होत नाही. ती दुसऱ्या प्रदेशात कोणत्या वाटेने पोहोचली, कोणत्या रूपात पोहोचली आणि तिथल्या वाचकाने तिचे काय केले, हे प्रश्न आपण विचारतो. मात्र हे प्रश्न आपण प्रामुख्याने छापील ग्रंथापुरते आणि फार तर नाटक-चित्रपटांपुरते मर्यादित ठेवतो. गेल्या चार दशकांत भारतीय शहरांतील मुलांच्या कल्पनाविश्वात ज्या परदेशी कृती सर्वाधिक खोलवर रुजल्या, त्यांत व्हिडिओ गेमचा समावेश करावाच लागेल. त्यांच्या स्वीकृतीचा इतिहास मात्र अद्याप लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत निबंधात दिल्लीच्या बाजारपेठेच्या आधारे त्या इतिहासाची एक बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे. मूळ वस्तू येथे फारशी आलीच नाही, तिच्या प्रती आल्या. आणि या प्रतींचा विचार करण्यासाठी लागणारी परिभाषा पाश्चात्त्य ग्राहकेतिहासापेक्षा मराठी पोथीपरंपरेत अधिक नेमकी सापडते, असे येथील प्रतिपादन आहे.

२

घटनाक्रम थोडक्यात असा. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' हा घरगुती खेळसंच बाजारात आणला. १९८५ मध्ये तोच संच निराळ्या आकारात व निराळ्या नावाने अमेरिकेत गेला. जपानी संचाच्या कॅसेटला साठ पिना होत्या, अमेरिकी कॅसेटला बहात्तर. म्हणजे एकाच कृतीच्या दोन 'आवृत्त्या' परस्परांच्या यंत्रात बसत नव्हत्या. या संचाच्या अनधिकृत प्रती प्रथम तैवानात व नंतर चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या आणि जेथे मूळ कंपनी पोहोचली नव्हती किंवा जेथे तिची किंमत परवडणारी नव्हती, तेथे त्या पसरल्या. रशियात १९९२ पासून 'डेन्डी' या नावाने, पोलंडमध्ये 'पेगासस' या नावाने आणि भारतात 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी हा संच ओळखला गेला. सुनील गावसकर यांच्यासाठी रूढ झालेले बिरुद एका जपानी यंत्राच्या प्रतीला लाभावे, यातच स्थानिकीकरणाची एक पायरी दिसते.

हा प्रसार समजून घेताना भारताचे आयात धोरण नजरेआड करता येत नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १९९१ च्या उदारीकरणाने लगेच उठले नाहीत. त्यांतील अखेरचा गट १ एप्रिल २००१ रोजी मुक्त झाला. तोवर परदेशी खेळसंच घरात येण्याचे मुख्य मार्ग दोन होते. एक, दुबई वा सिंगापूरहून येणाऱ्या नातलगाची बॅग. दुसरा, शहरातील ठरावीक बाजार. मुंबईत हे काम हीरा पन्ना आणि लॅमिंग्टन रोड यांनी केले. दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या पोटातील पालिका बाजार, करोल बागेतील गफ्फार मार्केट आणि लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केट ही त्याची केंद्रे होती. यांतील पालिका बाजार हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभारलेला, नवी दिल्ली नगरपालिकेचा भूमिगत बाजार. नकली मालाच्या व्यापाराबद्दल अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या 'बदनाम बाजारपेठां'च्या यादीत त्याचे नाव आले आहे; २०२१ च्या यादीत हीरा पन्ना आणि पालिका बाजार दोन्ही आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही नोंद योग्यच आहे. पण सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने ती यादी म्हणजे एका पिढीच्या वाचनालयांची सूचीही ठरते.

३

या संचांबरोबर जी कॅसेट येई, तिच्यावर 'चौसष्ट इन वन', 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव इन वन' असे आकडे छापलेले असत. संच लावल्यावर लक्षात येई की, प्रत्यक्षातले खेळ मोजकेच आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. फक्त कुठे आरंभीचा टप्पा बदललेला, कुठे जीव वाढवलेले, कुठे नाव निराळे. एका जपानी अभ्यासकाच्या दृष्टीने ही निव्वळ फसवणूक असेल. मराठी हस्तलिखितांशी परिचय असलेल्या अभ्यासकाला मात्र येथे एक ओळखीचा ग्रंथप्रकार दिसतो. तो म्हणजे 'बाड'. कीर्तनकाराच्या बाडात नामदेवाचा अभंग, मोरोपंतांची आर्या आणि एखाद्या अनाम कवीचे पद एकाच शिवणीत बांधलेले असते. कर्त्याचे नाव कधी असते, कधी चुकीचे असते, कधी नसतेच. बाडाचा हेतू जतनाचा नसतो, प्रयोगाचा असतो. ज्याने कीर्तन रंगेल ते बाडात उतरते. अनेक खेळांच्या कॅसेटचाही न्याय हाच होता. ज्याने मूल दुकानातून हलणार नाही, ते कॅसेटमध्ये भरले गेले. आणि पहिल्याच पानावर निर्मात्याचे नाव खोडले गेले.

पाठभेदाचे एक उदाहरण पुरेसे आहे. कोनामी कंपनीचा 'काँट्रा' हा खेळ १९८८ मध्ये घरगुती संचावर आला. त्याच्या जपानी पाठात टप्प्यांच्या मध्ये नकाशा व चित्रप्रसंग आहेत. अमेरिकी पाठातून ते गळाले. युरोपातील पाठाचे तर नावच बदलले आणि त्यातील मानवी सैनिकांची जागा यंत्रमानवांनी घेतली. भारतीय कॅसेटमध्ये यांपैकी कोणता पाठ उतरला आणि त्यावर कोणाच्या हाताने काय संस्कार झाले, हे प्रत्येक प्रत हाती घेऊनच ठरवावे लागेल. याच खेळात तीस जीव मिळवून देणारी बटणांची एक क्रमवार खूण आहे. ती मुळात १९८६ च्या 'ग्रॅडियस' या खेळासाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी योजली. दिल्ली-मुंबईच्या मुलांना हाशिमोतो हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी 'वर वर, खाली खाली' असा तो मंत्र वर्गाच्या शेवटच्या बाकावरून अचूक संक्रमित होत राहिला. लेखी प्रत भ्रष्ट, मौखिक परंपरा मात्र शुद्ध, असा हा विरळा प्रकार आहे.

४

हातातल्या खेळांचा इतिहास याहून बोलका आहे. निन्टेन्डोचे अभिकल्पक गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' ही घड्याळवजा खेळांची मालिका आणली आणि एप्रिल १९८९ मध्ये त्यांच्या चमूने 'गेम बॉय' आणला. जुन्या, स्वस्त झालेल्या तंत्राचा नव्या जागी उपयोग करावा, असे योकोई यांचे सूत्र होते. म्हणून गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, त्याला मागून उजेड नव्हता. पण चार पेन्सिल सेलवर तो बारा-पंधरा तास चाले. १९९० मध्ये आलेला सेगा कंपनीचा रंगीत 'गेम गिअर' सहा सेल घेई आणि काही तासांतच विझे. बाजाराने कौल कोणाला दिला हे सर्वविदित आहे.

भारतात योकोई यांचे सूत्र त्यांच्याही पलीकडे नेले गेले. नव्वदच्या दशकात जत्रेपासून पालिका बाजारापर्यंत सर्वत्र मिळणारा 'ब्रिक गेम' हा गेम बॉयचाही जीर्ण अवतार होता : दहा बाय वीस चौकटींचा पडदा, दोन पेन्सिल सेल, कानाला टोचणारा आवाज. त्यातला मुख्य खेळ 'टेट्रिस'. तो अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. सोव्हिएत व्यवस्थेत हक्क शासनाकडे असल्यामुळे खुद्द कर्त्याला त्याचे स्वामित्वधन १९९६ पर्यंत मिळाले नाही. म्हणजे ज्या वर्षांत भारतीय मूल त्या खेळाची अनधिकृत प्रत खेळत होते, त्यांतल्या बऱ्याच वर्षांत अधिकृत प्रतीचाही पैसा कर्त्यापर्यंत पोहोचत नव्हता. 'मूळ' आणि 'नक्कल' यांतील नैतिक सीमारेषा आपण समजतो तितकी सरळ नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

५

या खेळांविषयी त्या काळी कोणी परीक्षणे लिहिली नाहीत. तरीही मते होती, आणि ती काटेकोर होती. ती बहुतांशी उपसाधनांविषयी होती. कोणत्या रिमोटचे बटण बसत नाही, 'टर्बो' बटण वापरणे म्हणजे लबाडी की कौशल्य, कोणता अडॅप्टर तापतो, यांवर मुले अधिकारवाणीने बोलत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची, हा विधी तर सर्व देशांत सारखाच आढळतो. फुंकरीने काही साधत नसे. पुन्हा नीट बसवल्यामुळे पिना जुळत, आणि तोंडातील ओलाव्याने उलट त्या गंजत. पण विधीचा अर्थ त्याच्या परिणामात शोधायचा नसतो.

संचाबरोबरच्या बंदुकीचा दाखला याहून महत्त्वाचा आहे. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपे. जुन्या फुगीर काचेच्या दूरदर्शन संचावर चित्र तत्क्षणी उमटत असल्यामुळे हे शक्य होते. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि बंदूक निरुपयोगी ठरते. म्हणजे कॅसेट शाबूत, संच शाबूत, बंदूकही शाबूत, तरी कृती वाचता येत नाही. कारण तिचे वाचन ज्या तिसऱ्या वस्तूवर अवलंबून होते ती घराघरांतून भंगारात गेली. मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून दप्तरे मुकी होतात, त्याचीच ही दुसरी तऱ्हा.

६

गेल्या दशकात जुन्या खेळांना नव्याने प्रतिष्ठा आली आहे. निन्टेन्डोने स्वतः २०१६ मध्ये आपल्या जुन्या संचाची छोटी प्रतिकृती विकली. शेकडो खेळ पोटात घेऊन येणारे, तळहातावर मावणारे चिनी संच आज पालिका बाजारात सहज मिळतात. तेथील गाळ्यांवर हिंडताना प्रस्तुत लेखकाला एक त्रिस्तरीय परिभाषा ऐकू आली : 'ओरिजिनल', 'फर्स्ट कॉपी' आणि 'लोकल'. पाठचिकित्सेत प्रतींची प्रतवारी लावणाऱ्या संपादकाला ही श्रेणी परकी वाटू नये. फरक इतकाच की, संग्राहकांच्या नव्या जगात केवळ पहिल्या श्रेणीला मोल आहे.

येथे एक व्यक्तिगत अनुभव सांगणे भाग आहे. १९९३ मध्ये धाकट्या भावासाठी घेतलेला एक संच आमच्या माळ्यावर होता. दोन रिमोट, बंदूक, एक बाडवजा कॅसेट. तो एका संग्रहालयाला देऊ केला असता, 'ही नक्कल आहे, आम्ही मूळ वस्तू ठेवतो', असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. त्या उत्तरात तर्क आहे, इतिहास नाही. भारतापुरते पाहता जी वस्तू हजारो घरांत खेळली गेली, ती हीच. जपानी मूळ संच येथील संग्रहालयात ठेवला, तर तो जपानचा इतिहास सांगेल, दिल्लीचा नव्हे.

एकनाथांनी शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये, असे बजावले. ते कार्य थोर होते. पण शुद्ध पाठ सिद्ध करण्यासाठी आधी अशुद्ध प्रती हाती असाव्या लागतात, हे त्याच कार्यातून शिकायचे असते. पुण्यात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हाही त्याज्य पाठ फेकून दिले गेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले गेले. आपल्या खेळसंचांच्या वाट्याला अशी तळटीपही आलेली नाही. आणि हाती वेळ थोडा आहे. उत्तरकालीन स्वस्त प्रतींमध्ये सर्व मंडले एकाच चिपेत सामावून तिच्यावर काळ्या राळेचा ठिपका ओतलेला असतो. ती बिघडली तर दुरुस्त करता येत नाही. कागद कसरीने खाल्ला तरी उरलेली अक्षरे लागतात. हा ठिपका एकदा मुका झाला की त्यातले एक अक्षरही लागत नाही.

तेव्हा विनंती इतकीच की, ज्यांच्या माळ्यावर असा संच असेल त्यांनी तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी त्यावरील नाव, कॅसेटवरील खेळांची यादी आणि तो कोठून, कोणी, कितीला आणला हे एका कागदावर लिहून ठेवावे. मराठीत बखरींची साधने अशाच घरगुती दप्तरांतून हाती आली. आमचा संच तूर्त माझ्या अभ्यासिकेत, कोशांच्या खालच्या फळीवर आहे. तो चालतो. बंदूक चालत नाही.